एकशे एक दातांचे चाक

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा दातेरी चाके कापणे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारा एकच माणूस होता. तो तेरा वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्याच एका हुकमापायी हा खटाटोप करावा लागत आहे.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनवर येऊन थांबले आणि वर पाहिले, तर डॉक्टर केव्हाच सही करून पुढच्या पेशंटला हाक मारत होते. हृदयाबद्दल मात्र त्यांनी असा दाखला दिला नाही. वर्ष निघेल का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, निघेलही. आमच्या धंद्यात असे माप घेऊन कोणी आले तर आम्ही काम हातात घेत नाही. पण इथे इलाज नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कुठून एखादे निघालेच, तर ते खोटे समजावे आणि आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

१. माणसे. माझे यजमान, जे आता हयात नाहीत, त्यांचा उल्लेख या लेखात यापुढे 'हे' असा येईल. सगळा जन्म तसाच केला, आता वेगळा जमणार नाही. आम्हाला दोन मुले. थोरला विमा कार्यालयात आहे. धाकटी शाळेत विज्ञान शिकवते. यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, यांना मी भाऊजी म्हणते. यांच्याइतकेच तेही दुकानाचे कारागीर होते. यांनी जाण्याआधी भाऊजींना दुकानात पाऊल टाकायला बंदी केली, आणि थोरल्याने ती बापाचा शब्द म्हणून आजवर पाळली. ती बंदी उठावी, हा या मृत्युपत्राचा खरा हेतू आहे. घर, बँक आणि मशिनी त्याच कागदावर उरकून घेत आहे, कारण वकील दोन कागदांची दोनदा फी घेतात.

२. घर. वरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दोन्ही मुलांना सारखे. रस्त्याकडची खोली धाकटीने घ्यावी, तिला वह्या तपासायला उजेड लागतो. मागची थोरल्याने घ्यावी, तो तसाही सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो. जिन्यातली तिसरी पायरी हलते. ती दुरुस्त करू नये. तिच्यामुळे वर कोण येते आहे हे मला चाळीस वर्षे बसल्या जागी कळत आले आहे. ज्यांना कळून घ्यायचे नसेल त्यांनी खुशाल दुरुस्त करावी.

३. बँक. जे असेल ते निम्मे-निम्मे. फार नाही, भांडण्याइतके तर नाहीच.

४. मशिनी आणि हत्यारे. लेथ, मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड धाकटीला. तिला ती चालवता येतात, थोरल्याला नुसती विकता येतील. कटरचा लाकडी डबा तिलाच. त्यातले तीन कटर बोथट आहेत, ते मी बोथट केलेले नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या पंपवाल्याने ते एका दिवसासाठी नेले आणि एका वर्षाने आणून दिले, वर म्हणाला की वहिनी, तुमची हत्यारे जरा नरम आहेत. हे वाक्य मी विसरलेले नाही. तो दुकानात आला तर धाकटीने त्याच्याशी गोड बोलावे, चहा द्यावा आणि पाना सुद्धा देऊ नये.

भिंतीवरच्या खिळ्याला एक व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घ्यायची सरकपट्टी, लटकलेला आहे. त्याला यातून वगळावे. तो माझा नाही, त्यामुळे तो मला कोणाला देता येत नाही. तो कोणाचा ते पुढे येईलच.

५. दर्शनी चाके. दुकानाच्या काचेमागे चार पितळी चाके आहेत. हीच आमची पाटी. दुकान काढले तेव्हा रंगाऱ्याने फलकाचा भाव सांगितला होता, पण हे म्हणाले, पाटी वाचून कोण येतो, काम दिसले पाहिजे. म्हणून काम मांडले.

चाकांना ९७, १०१, १०३ आणि १०७ असे दात आहेत. चारही मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही न भागणाऱ्या. चाकाच्या कडेचे सारखे भाग पाडून देते ते डिव्हायडिंग हेड. त्यावर शंभराचे भाग सहज पडतात, एकशे एकाचे पडत नाहीत. त्यासाठी मागे वेगळी चाके जोडून खटपट करावी लागते, आणि शेवटचा दात पहिल्याला नीट येऊन मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. कोणी असे चाक मागितले की बाकीचे कारागीर हात वर करत. म्हणून यांनी हट्टाने हीच चार निवडली. सत्त्याण्णवचे आणि एकशे तीनचे मी कापले. एकशे सातचे यांनी कापले. एकशे एकाचे भाऊजींनी कापले, आणि चौघांत तेच सर्वांत देखणे आहे. हे यांनीही कबूल केले होते, अर्थात भाऊजी समोर नसताना.

मधोमध एक लांब पिनियन आहे, म्हणजे छोटा दातेरी दांडा. तो साखळीला लावलेल्या वजनावर चालतो आणि दर बारा सेकंदांनी एक दात सरकतो. तो सरकला की चारही चाके एकेक दात पुढे जातात. प्रत्येक चाकाचा एक दात लाल रंगवलेला आहे आणि प्रत्येकासमोर एक बाण आहे. लाल दात बाणासमोर आला की एक छोटी तरफ उचलली जाते. चारही तरफा एकाच वेळी उचलल्या गेल्या, तरच वरच्या घंटेवर हातोडी पडते. तीन उचलल्या आणि चौथी एका दाताने मागे राहिली, तर हातोडी जागची हलत नाही.

दुकान उघडले त्या दिवशी चारही लाल दात बाणासमोर ठेवून चाके सोडली आणि घंटा वाजली. ती पुन्हा केव्हा वाजणार, तर या चार संख्यांचा लसावि येईल तेव्हा. शाळेत लसावि काढताना मुलांचे तोंड कडू होते, कारण त्याचे करायचे काय हे कोणी सांगत नाही. इथे बघा. चारही मूळ, एकमेकांत काही समान नाही, त्यामुळे लसावि म्हणजे सरळ चौघांचा गुणाकार: १०,७९,७२,७३७. अक्षरी दहा कोटी एकोणऐंशी लक्ष बहात्तर हजार सातशे सदतीस दात. दर बारा सेकंदांना एक, म्हणजे एकेचाळीस वर्षे आणि वर थोडे दिवस. याच आकाराची, पण ९६, १००, १०२ आणि १०८ दातांची चाके लावली असती, तर त्यांच्यात समान अवयव इतके, की घंटा दर एक्कावन्न दिवसांनी वाजली असती आणि आम्ही तिला कंटाळून कापूस कोंबला असता.

ही संख्या यांना पोटच्या पोरासारखी प्रिय होती. तिच्याबद्दल ते गिऱ्हाइकाला बसवून सांगत, गिऱ्हाइकाला घाई असली तर जास्तच सांगत. ती विषम आहे. तिच्या अंकांची बेरीज त्रेचाळीस, म्हणून तिला तीनाने भाग जात नाही. खरे तर दोनापासून शहाण्णवपर्यंत कशानेही जात नाही. सत्त्याण्णवला पहिल्यांदा दार उघडते. तिला सगळे मिळून सोळा विभाजक, त्यात ती स्वतः आणि एक धरून. आणि यांची सर्वांत लाडकी गोष्ट अशी, की ती पूर्ण वर्ग होता होता राहिली आहे. १०,३९१ चा वर्ग करा आणि त्यातून बाराचा वर्ग वजा करा, बरोबर ही संख्या येते. पूर्ण वर्गाला एकशे चव्वेचाळीस दात कमी. चाकांच्या चालीने अर्धा तासही नाही. हे म्हणायचे, एवढी मोठी संख्या आणि अर्ध्या तासासाठी बिचारीचा वर्ग चुकला.

मला स्वतःला तिचा दुसरा गुण आवडतो. कोणत्याही क्षणी काचेसमोर उभे राहा, चारही चाकांवर लाल दात बाणापासून किती दात दूर आहे ते मोजा. या चार बाक्यांवरून घंटेला किती दात उरले ते नेमके काढता येते. दहा कोटींत त्या चार बाक्या एकत्र येतील अशी जागा एकच असते, दुसरी नसते. त्यामुळे वजन चढवायला कोणी विसरले आणि चाके दोन दिवस थांबली, तरी काही बिघडत नाही. दोन दिवस उशीर होतो, हिशोब हरवत नाही. चाके जिथे थांबतात तिथेच हिशोब धरून उभी राहतात. एवढे इमान मी माणसांत कमी पाहिले आहे.

६. अवेळी वाजलेली घंटा. चाके सोडल्याला सत्ताविसावे वर्ष चालू होते. यांची पाठ दुखत होती. मी एका मोठ्या कामात अडकले होते, म्हणून भाऊजी यांना तपासणीला घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, रिपोर्टला वेळ आहे. त्यानंतर काही दिवसांनी भाऊजींनी एकशे एकाचे चाक उतरवले, आतला बुश, म्हणजे आसाभोवतीची नळी, झिजला आहे म्हणून. बुश बदलायला अर्धा तास पुरतो. त्यांनी दोन दिवस घेतले. हे त्यांना हातसुस्त म्हणाले, ते भाऊजींनी ऐकून घेतले आणि चाक परत चढवले.

सातेक आठवड्यांनी, दुपारच्या चहाच्या वेळी, घंटा वाजली.

गिरणीचा फोरमन काउंटरपाशी बसला होता, हे त्याला काही माप समजावून सांगत होते. आवाज आला आणि हे बोलता बोलता थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाजली." एखाद्या पोराने म्हणावे तसे म्हणाले. त्यांनी माझा हात धरला, गिऱ्हाइकासमोर, जे त्यांनी आधी कधी केले नव्हते, आणि हसले. घंटेचा नाद विरेपर्यंत ते हसत होते. मी त्यांचे ते तोंड अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मग फोरमनने विचारले, "एकेचाळीस वर्षं म्हणाला होतात ना?"

बस, तिथून सगळे फिरले. हे चाकांपाशी गेले. नादुरुस्ती शोधायला त्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. बाकीची तीन चाके बरोबर होती. ती तिन्ही लाल दातावर एकत्र आली, म्हणजे आतापर्यंत झालेले दात ९७, १०३ आणि १०७ यांच्या गुणाकाराच्या पटीत असणार. तो गुणाकार १०,६९,०३७, आणि वर्षांच्या अंदाजाने ती सहासष्टावी पट. तेव्हा एकशे एकाचा लाल दात बाणाच्या चौसष्ट दात पुढे असायला हवा होता, तो बाणासमोर होता. यांनी चाक उतरवले, चौसष्ट दात मोजून बरोबर जागी बसवले, आणि मग भाऊजींना हाक मारली.

जे बोलले ते फोरमनसमोर बोलले. सव्वीस वर्षे जपलेला आकडा, सगळ्या गावाला अभिमानाने सांगितलेला, आणि तो सख्ख्या भावाने मातीत घातला. "चाक जिथे बसलं तिथे ठोकून दिलंस," असे म्हणाले. आणि म्हणाले, "पुन्हा या उंबऱ्याच्या आत यायचं नाही." भाऊजींनी एप्रन काढून घडी करून ठेवला आणि ते गेले. व्हर्निअर खिळ्यालाच राहिला.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हाला यांच्या दुखण्याचे नाव सांगितले. भाऊजींना त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले होते. वर्ष निघणार नाही असेही सांगितले होते. मला तेव्हा वाटले, धीर झाला नाही म्हणून लपवले असेल. पुढे चार महिन्यांनी हे गेले. शेवटपर्यंत यांचा राग उतरला नाही. थोरल्याला जवळ बोलावून बजावले, काकाला दुकानात घ्यायचे नाही. यांना नेले तेव्हा भाऊजी रस्त्यापलीकडे उभे होते. तेव्हापासून रोज सकाळी ते समोरच्या फुटपाथवर येतात, दिव्याच्या खांबापाशी थांबतात, काचेतून चाके बघतात आणि निघून जातात. मी बाजारात भेटले की त्यांच्याशी बोलत आले आहे. चाकांबद्दल मात्र आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

७. हे कलम लिहिताना काय झाले. खरे तर या ठिकाणी साधी सूचना येणार होती. मुले चाके पुसतील, तेल देतील, एखादे चाक चुकीच्या दातावर बसवतील. तसे झाले तर घंटा किती चुकेल, हे लिहून ठेवावे म्हणून मी पाटी-पेन्सिल घेतली.

एकशे एकाच्या चाकाला बसायला एकशे एक जागा आहेत. एक बरोबर, शंभर चूक. चाक एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले की घंटा १०,६९,०३७ दातांच्या कुठल्या तरी पटीने मागेपुढे होते, कारण बाकीच्या तीन चाकांचे एकत्र येणे तेवढ्याच अंतराने घडते. ते अंतर जवळजवळ पाच महिन्यांचे. शेजारच्या दातावर बसवले तर घंटा सोळा वर्षांनी चुकते. एका दाताची सोळा वर्षे. मी एकशे एक जागा मांडत गेले. एकेचाळीस वर्षांत त्या एकशे एक घंटा सारख्या अंतराने पसरतात, दर पाच महिन्यांत एकच. दुसरी नाहीच.

मग माझा हात थांबला. भाऊजींनी चाक बसवल्यावर घंटा सातव्या आठवड्यात वाजली होती. जिथे बसले तिथे ठोकले असते, तर येत्या पाच महिन्यांत ती वाजण्याचा संभव एकशे एकात एक. बाकी शंभर जागांनी ती पाच महिन्यांत वाजली नसती, बहुतेक जागांनी तर यांच्या हयातीत वाजलीच नसती. आणि बरोबर जागेने तर नाहीच नाही. त्या जागेच्या घंटेला तेव्हा चौदा वर्षे बाकी होती आणि यांना सहा महिने.

हे सगळे यांना माझ्यापेक्षा चांगले येत होते. चाक कुठे हवे होते ते यांनी दहा मिनिटांत काढले. ते तिथे आले कसे, हे काढायला दहा मिनिटे आणखी लागली असती. ती त्यांनी दिली नाहीत.

८. भाऊजींचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला आणि खांबापाशी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटले, "भाऊजी, एकशे एक जागा होत्या."

त्यांनी काचेवरून नजर काढली नाही. म्हणाले, "कुठलं चाक सरकवलं तर घंटा लवकर येते, चारही चाकांचा हिशोब केला होता वहिनी. दोन दिवस लागले. एकशे एकानं सगळ्यात लवकर येत होती."

मी विचारले, सांगितले का नाही. निदान यांचे दुखणे कळल्यावर तरी सांगायचे.

"दादाला काय सांगू? तू जाणार म्हणून वाजवली?" मग म्हणाले, "मला वाटलं, दादा मोजेल. आधी चिडेल, मग बसेल आणि मोजेल. जन्मभर सगळं मोजत आला. मोजलं की त्याला कळेल, मला बोलायला लागणार नाही."

त्यांनीच पुढे म्हटले, "नाही मोजलं."

मला रडू आले आणि मी रडले, भर रस्त्यात, हातात पिशवी धरून. यांचा राग आला, फार आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा आला. आणि त्याच वेळी घंटा वाजल्यावरचे यांचे ते तोंड आठवले, म्हणून नीट रागावताही येईना. भाऊजींनी पिशवी माझ्या हातून घेतली आणि उंबऱ्यापर्यंत आणून दिली. आत आले नाहीत.

९. थोरल्याचे म्हणणे. वरची कलमे मी थोरल्याला वाचायला दिली. वाचून म्हणाला, "आई, बाबांचा शब्द आहे."

मी म्हटले, "शब्द आहे. हिशोब नाही."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे त्याने फार चांगले केले. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने स्वतः मांडायला घेतले. लसावि शाळेतच सोडून आलेला माणूस, धाकटीला दोनदा फोन करून विचारले, तीनदा खोडले. मी मध्ये बोलले नाही, हे माझ्या स्वभावाच्या विरुद्ध आहे याची नोंद व्हावी. मांडून होईपर्यंत सकाळ झाली, भाऊजी खांबापाशी येऊन उभे होते, आणि तो खिडकीतून खाली बघत बसला. मग जिना उतरला, तिसरी पायरी वाजली. मी वरूनच पाहिले. तो रस्ता ओलांडून खांबापाशी गेला. दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही आणि दोघांनीही मला सांगितले नाही. परत येताना दोघे होते.

भाऊजी उंबऱ्यापाशी थांबले. थोरल्याने शटर आणखी वर केले, खरे तर ते पुरेसे वर होतेच. मग भाऊजी आत आले, सरळ खिळ्यापाशी गेले, व्हर्निअर काढला आणि उघडझाप करून पाहिला. मी त्याला दर महिन्याला तेल देत आले आहे.

१०. अट. दुकानाची जागा दोन्ही मुलांची, पण खरी घंटा वाजेपर्यंत ती विकू नये, भाड्याने देऊ नये आणि चाके हलवू नयेत. कोपऱ्यावरचे औषधवाले भाव वाढवून विचारतील. त्यांना घंटा वाजल्यावर यायला सांगावे. वजन रोज सकाळी चढवावे. घंटा वाजली की ही अट संपली. पुढे चाके ठेवायची की मोडीत घालायची, ते मुलांनी ठरवावे, मी वरून बघत बसणार नाही. त्या दिवशी काचेसमोर दोन खुर्च्या टाकाव्यात. एकीवर भाऊजींनी बसावे. दुसरी माझी. मी नसले तर ती रिकामी ठेवावी आणि तिच्यावर कोणी पिशव्या ठेवू नयेत.

११. साक्षीदार आणि चावी. या मृत्युपत्रात मी भाऊजींना चारही चाके आणि दुकानाची चावी लिहून दिली होती. ते कलम वकिलांनी खोडले. त्यांचे म्हणणे, भाऊजी साक्षीदार म्हणून सही करणार असतील तर त्यांना यातून काही मिळू नये, मिळाले तर पुढे कोणीही बोट ठेवील. तेव्हा एकतर घ्या, नाहीतर सही करा. मी भाऊजींना विचारले, काय करता. ते म्हणाले, सही करतो. दादाच्या दुकानात बसून सही करायला मिळते आहे, चाके काय, काचेतून दिसतातच.

म्हणून या मृत्युपत्रान्वये माझ्या दिरांना काहीही मिळत नाही, हे मी स्पष्टपणे नमूद करते. व्हर्निअर त्यांचाच होता, तो ते घेऊन गेले. दुकानाची चावी मी आज सकाळी, जिवंतपणी आणि स्वतःच्या हाताने, त्यांच्या हातात ठेवली आहे. तिचा या मृत्युपत्राशी काही संबंध नाही. घंटा वाजेपर्यंत चावी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून ती कोणी मागू नये, इतकेच.

१२. शेवटचे. हे कलम सही करण्यापूर्वी वाढवले आहे. वकील कागद लावत होते आणि थोरल्याने भाऊजींना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, की वर्ष निघेलही. खरी घंटा अकरा महिन्यांवर आहे. ते ऐकून भाऊजींची नजर एकशे एकाच्या चाकाकडे गेली. मी पाहिले. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते.

तेव्हा सर्वांना, आणि एकाला विशेष करून, बजावून सांगते. माझ्यासाठी कोणीही चाक उतरवू नये. बुश झिजला म्हणूनही उतरवू नये. अकरा महिने निघाले तर खुर्चीत बसून ऐकेन. नाही निघाले तरी तक्रार नाही. माझी घंटा वाजून गेली आहे. तेरा वर्षांपूर्वी दुपारी चहाच्या वेळी वाजली, तेव्हा यांनी माझा हात धरला होता. ती कोणी वाजवली हे मला उशिरा कळले, पण कळले.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि त्याखाली दोन साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

लिहून देणार: (सही) चाके कापणारी

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे चष्मेवाले. यांनी कलमे वाचलेली नाहीत, सही करताना मला पाहिले एवढीच त्यांची साक्ष.

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून देणारीचे धाकटे दीर, धंदा चाके कापणे, लाभ काही नाही.

ठिकाण: दुकानाच्या आत.

दिनांक: नेहमीचा शिक्क्याखाली आहेच. चाकांप्रमाणे, लाल दात बाणावर यायला बाकी: सत्त्याण्णवच्या चाकावर त्रेचाळीस, एकशे एकाच्या चाकावर तेरा, एकशे तीनच्या चाकावर चोवीस, एकशे सातच्या चाकावर त्र्याहत्तर. मोजून पाहावे.